प्रवाळांच्या टाकीतला चुन्याचा हिशेब

पूर्वी लहान मुलांना दात येऊ लागले की घरोघरी चुन्याची निवळी देत. चुना पाण्यात कालवायचा, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी वरचे नितळ पाणी चमचाभर काढून दुधात घालायचे. हीच निवळी जर्मनीतल्या हौशी मंडळींनी समुद्री मत्स्यालयांत वापरली. तिला ते ‘काल्कवासर’ म्हणतात. शब्दशः अर्थ चुन्याचे पाणीच. तिथे ती मिळते ती प्रवाळांना.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे, आणि कठीण प्रवाळ आपल्या अंगाखाली चुनखडीचा सांगाडा रचत राहतो. त्यासाठी पाण्यातून तो दोन गोष्टी घेतो : कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. समुद्रात दोन्हींचा साठा अफाट. दिवाणखान्यातल्या ४०० लिटरच्या टाकीत मात्र जे काही असते ते तेवढ्याच पाण्यात. प्रवाळ वाढू लागले की साठा रोज घटतो आणि तो रोज भरून काढावा लागतो.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बायकार्बोनेटचा अंदाज ‘अल्कते’वरून घेतात, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता. ती ‘डीकेएच’ या जर्मन मापात मोजतात. समुद्रात ती ७ अंशांच्या आसपास असते, टाक्यांत सहसा ७ ते ९ ठेवतात. प्रवाळ या दोन गोष्टी ठरलेल्या प्रमाणात उचलतात : २.८ अंश अल्कता खर्च झाली की २० मिलिग्रॅम कॅल्शियम जाते. म्हणजे एका दिवसात अल्कता ८ वरून ७ वर आली, तर कॅल्शियम ४२० वरून फक्त ४१३ वर येते. पहिली घट डोळ्यांत भरते, दुसरी घरगुती चाचणीत कळणारही नाही. अनेक नवशिके कॅल्शियमचा आकडा पाहून निर्धास्त राहतात आणि इकडे अल्कता ५ वर आलेली असते. अल्कता एकदम घसरली किंवा एकदम चढली, तर प्रवाळाचे मांसल आवरण टोकांकडून किंवा बुडाकडून सुटू लागते आणि खाली पांढरा सांगाडा दिसतो. पाच वर्षे वाढवलेली वसाहत चार दिवसांत जाऊ शकते.

निवळीची अडचण अशी की टाकीतून जेवढे पाणी वाफ होऊन उडेल तेवढीच ती घालता येते. प्रवाळ फोफावले की ती पुरत नाही. अशा टाक्यांसाठी १९९०च्या दशकात जर्मनीत कॅल्शियम रिअ‍ॅक्टर रुळला आणि पुढे अमेरिकेत पसरला. नाव भारदस्त असले तरी आत असते एक बंद नळकांडे. त्यात मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्याची खडी भरतात. टाकीतले पाणी हळूहळू आत येते, एक पंप ते आतल्या आत फिरवत राहतो आणि सिलिंडरमधून थेंबाथेंबाने कार्बन डायऑक्साइड सोडतात. वायू पाण्यात विरघळून पाणी आम्लधर्मी होते, खडी विरघळते, आणि कॅल्शियम व बायकार्बोनेटने भरलेले पाणी बारीक धारेने टाकीत परत जाते. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा असा जिवंत प्रवाळाच्या अंगी लागतो. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात रक्तातले आम्ल वाढून राहते, तेव्हा ते शमवण्यासाठी शरीर हाडांतले क्षार खर्ची घालते. तिथे जो रोग, तेच इथे यंत्राचे काम.

जोडणी सोपी आहे, पण घाई नडते. खडी स्वच्छ पाण्यात धुवायची, नाहीतर तिची भुकटी नळ्यांत बसते. नळकांडे पाण्याने पूर्ण भरून आतली हवा काढायची आणि पहिला दिवस वायूशिवाय चालवून गळती पाहायची. मग वायू अगदी हळू, मिनिटाला दहा-पंधरा बुडबुडे. नळकांड्यातला पीएच उतरू लागतो. तो ६.५ ते ६.७ च्या दरम्यान स्थिरावला की बहुतेक खडी नीट विरघळते. फार खाली गेला तर खडीचा चिखल होतो, नळकांडे तुंबते आणि सगळे उपसून पुन्हा सुरुवात करावी लागते. पीएच मोजणारी कांडी ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांत आधी जुळवून घ्यायला हवी. चुकलेल्या कांडीवर भरवसा ठेवून केलेली जुळवाजुळव म्हणजे बिघडलेल्या यंत्रावर रक्तदाब पाहून औषध बदलणे.

आता खरा हिशेब. आधी बाकी सगळे पुरवठे बंद करून, दोन-तीन दिवस ठरावीक वेळी अल्कता मोजायची. समजा ४०० लिटरच्या टाकीत रोज १ अंश घटतो. रिअ‍ॅक्टरमधून येणाऱ्या पाण्याची अल्कता २८ आणि टाकीची ८, म्हणजे येणारा प्रत्येक लिटर २० अंश जादा आणतो. ४०० ला २० ने भागले की उत्तर २० लिटर. दिवसाला २० लिटर, म्हणजे मिनिटाला १४ मिलिलिटर. अशा टाकीत रोज सात ग्रॅमच्या आसपास चुनखडी लागते. वर्षाकाठी खडी अडीच किलोहून अधिक घटते.

हाताशी चाव्या दोनच : पाण्याचा वेग आणि वायूचा वेग. एका वेळी एकच फिरवायची, आणि तीही दिवसाआड. सकाळी वायू वाढवला, दुपारी पाणी वाढवले, रात्री काळजीने दोन्ही कमी केले, तर दुसऱ्या दिवशी आकडा कशामुळे हलला ते कोणालाच सांगता येणार नाही. टाकीची अल्कता दिवसात १ अंशापेक्षा जास्त हलू न देणे बरे.

सर्वांत जास्त दगा देते ती पाणी बाहेर सोडणारी बारीक नळी. तिच्यात चुना साचतो, क्वचित एखादी इवलीशी गोगलगाय अडकते. धार थांबते, वायू मात्र येतच राहतो. म्हणून पीएच ठरावीक आकड्याखाली गेला की वायू बंद करणारी विजेवरची झडप हवीच. सिलिंडरचाही एक चकवा आहे. आत वायू द्रवरूपात असतो, त्यामुळे शेवटचा द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि मग भराभर कोसळतो. शस्त्रक्रियागृहातल्या नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरचेही असेच असते. किती उरले ते वजन करूनच कळते.

हा वायू घरात गळला तर काय? दोन किलोंच्या सिलिंडरमधून हजार लिटरहून अधिक वायू निघतो. दहा फूट बाय दहा फुटांच्या बंद खोलीत तो सगळा सुटला, तर हवेतले त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. एवढ्यात डोके ठणकते, धाप लागते, गुंगी येते. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे रांगणाऱ्या मुलांच्या आणि खाली झोपणाऱ्यांच्या पातळीवर. सिलिंडर उभा, भिंतीला बांधलेला आणि हवा खेळती असलेल्या जागी हवा. निजायच्या खोलीत तो नको.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, पण कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. समुद्रातून ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे. दुकानदार काहीही सांगो.

हिवाळ्यात जर्मन घरांच्या खिडक्या दिवसचे दिवस बंद असतात. मग टाकीचा पीएच उतरतो आणि मालक रिअ‍ॅक्टरला दोष देऊन त्याचा वायू कमी करतो. वायू कमी झाला की अल्कताही उतरते आणि एकाचे दोन दुखणी होतात. अशा वेळी आधी खिडकी उघडून काही तास वाट पाहायची. पीएच वर चढला, तर दोष यंत्राचा नव्हता. खोलीत बसलेल्या माणसांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरत होता.