'कौटुंबिक पार्श्वभूमी' कोणाची तपासायची?

कंपन्यांना सामाजिक विविधतेचे धडे देणाऱ्या सल्लागारांचा नवा व्यवसाय आणि त्यांच्या नेतृत्वाचा प्रश्न

केळशी (ता. दापोली) : भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या केळशी गावात महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि याकूब बाबांचा दर्गाही आहे. या बाबांचा छत्रपती शिवाजी महाराजांनी सन्मान केल्याचे सांगितले जाते. कोकणातील इतर गावांप्रमाणे येथील तरुणांची पावलेही शिक्षण संपताच मुंबई-पुण्याकडे वळतात. गावात आडनावाची ओळख करून द्यावी लागत नाही. शहरातील मुलाखतीत मात्र उमेदवाराला हमखास एक प्रश्न विचारला जातो : 'तुमची कौटुंबिक पार्श्वभूमी काय?'

प्रश्न वरकरणी निरुपद्रवी आहे. परंतु सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा याच प्रश्नावर त्यांनी बोट ठेवले. निवड केवळ गुणवत्तेवर होते, असे ठामपणे सांगणारे अधिकारीच उमेदवाराच्या घरचे वातावरण, वडिलांचा व्यवसाय आणि मूळ गाव यांना महत्त्व देत होते. जातीचा उल्लेख न करताही जात मुलाखतीच्या खोलीत येऊन बसते, असा या अभ्यासाचा मथितार्थ होता.

गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलण्याचे काम कंपन्या बाहेरच्या सल्लागारांकडे सोपवू लागल्या आहेत. 'विविधता, समता व समावेशन' या नावाने ही सेवा ओळखली जाते. भरतीचे निकष तपासणे, कर्मचाऱ्यांची प्रशिक्षण शिबिरे घेणे, धोरणाचा मसुदा लिहून देणे ही तिची प्रमुख कामे. मात्र हा सल्ला देणारे स्वतः कोण आहेत आणि कोठून आले आहेत? उमेदवाराला विचारला जाणारा पार्श्वभूमीचा प्रश्न सल्लागारालाही विचारायला हवा.

आडनावाची किंमत

या व्यवसायाची गरज का भासली, हे समजण्यासाठी आणखी दोन अभ्यास पाहावे लागतात. मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी अभ्यासक पॉल अॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शैक्षणिक पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त अर्जदाराच्या नावात होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाला होकारार्थी उत्तर येण्याची शक्यता 1 धरली, तर तुलनेने दलित नावासाठी ती 0.67 आणि मुस्लिम नावासाठी 0.33 इतकीच भरली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी खासगी क्षेत्रातील भेदभावाला आकड्यांचा आधार दिला. देऊळ आणि दर्गा यांच्या सान्निध्यात वाढलेल्या केळशीतील दोन मित्रांचे अर्ज एकाच कंपनीत गेले, तर त्यांचे भवितव्य कसे वेगळे होऊ शकते, हे या आकड्यांवरून उमगते.

दुसरा अभ्यास कंपन्यांच्या संचालक मंडळांचा आहे. देशातील 1000 मोठ्या कंपन्यांच्या 2010 मधील संचालकांची सामाजिक पार्श्वभूमी अभ्यासकांनी तपासली. 9052 संचालकांपैकी सुमारे 93 टक्के पुढारलेल्या जातींमधील होते. इतर मागासवर्गीयांचे प्रमाण 3.8 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींचे 3.5 टक्के होते. संचालकांच्या दालनातच विविधता नसेल, तर ती आणण्याचा निर्णय कोणाच्या अनुभवावर बेतला जाणार, हा प्रश्न येथून सुरू होतो.

कल्पनेचा प्रवास

ही कल्पना अमेरिकेतून आली. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या 1961 च्या आदेशात सरकारी कंत्राटदारांनी वंशभेद न करता भरती करावी आणि त्यासाठी 'सकारात्मक कृती' करावी, असा शब्दप्रयोग झाला. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या 1965 च्या आदेशाने त्याला बळकटी दिली. अल्पसंख्य समाजांतील उद्योजकांकडून मोठ्या कंपन्यांनी माल घ्यावा, यासाठी 1972 मध्ये स्वतंत्र परिषद स्थापन झाली. पुढे रूझवेल्ट थॉमस या कृष्णवर्णीय अभ्यासकाने 1984 मध्ये विविधता व्यवस्थापनाची संस्था काढली आणि 'विविधता सल्लागार' ही ओळख रूढ होऊ लागली. ज्यांच्यासाठी हा विषय उभा राहिला, त्यांच्यातीलच एक व्यक्ती सल्लागाराच्या खुर्चीत बसली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

सरकारी आदेश मात्र कायमचा नसतो. 1965 चा तो आदेश अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी 2025 मध्ये रद्द केला. त्यानंतर अनेक अमेरिकी कंपन्यांनी आपले विविधता कार्यक्रम आवरते घेतले. भारतातील अनेक बहुराष्ट्रीय कार्यालयांची धोरणे तेथूनच येत असल्याने या घडामोडी येथील नोकरदारांसाठीही परक्या नाहीत.

पुण्यातील प्रयोग

महाराष्ट्रात या प्रश्नाला मिळालेले सर्वांत ठळक उत्तर म्हणजे 'दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री' अर्थात 'डिक्की'. रूढ अर्थाने ही सल्लागार कंपनी नव्हे. ती उद्योजकांची संघटना आहे. परंतु मोठे उद्योग आणि दलित पुरवठादार यांच्यातील दुवा होणे, सरकारला खरेदी धोरणाबाबत सुचविणे, ही सल्लागाराचीच कामे ती करत आली. तिची स्थापना 14 एप्रिल 2005 रोजी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीदिनी, पुण्यात झाली. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे केळशीच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे आणि लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ काही काळ दापोलीत राहिले होते. केळशी परिसराचा या विषयाशी असलेला धागा असा जुना आहे.

डिक्कीचे संस्थापक मिलिंद कांबळे हे लातूर जिल्ह्यातील शिक्षकाचे पुत्र. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते पुण्यात आले आणि नोकरीनंतर बांधकाम कंत्राटदार झाले. 2013 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. पुढे जम्मू येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. या चळवळीचे वैचारिक मार्गदर्शक चंद्रभान प्रसाद हे लेखक-पत्रकार. पुरवठादारांमधील विविधतेची मागणी जानेवारी 2002 च्या भोपाळ जाहीरनाम्यात मांडली गेली, त्यात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

दलित उद्योजकांच्या या पिढीतील अशोक खाडे हे सांगली जिल्ह्यातील पेड गावचे. वडील मुंबईत चर्मकाराचे काम करत. माझगाव डॉकमध्ये उमेदवारी करत ते आरेखनाचे काम शिकले आणि भावांसह 'दास ऑफशोअर' ही समुद्रातील तेलफलाटांशी संबंधित कामे करणारी कंपनी त्यांनी उभी केली. अकोला जिल्ह्यातील रोपरखेडच्या कल्पना सरोज यांचा विवाह बाराव्या वर्षी झाला. मुंबईत शिवणकामापासून सुरुवात करून त्यांनी डबघाईला आलेल्या कमानी ट्यूब्ज या कंपनीची सूत्रे 2006 मध्ये हाती घेतली. त्यांनाही 2013 मध्ये पद्मश्री मिळाली.

या तिघांच्या जीवनकथा प्रेरणादायी म्हणून वारंवार सांगितल्या जातात. त्यांचे व्यावहारिक महत्त्व वेगळे आहे. तारण नसल्याने बँकेच्या दारातून परतणे, निविदेतील पूर्वानुभवाच्या अटीमुळे पहिलेच काम न मिळणे, ओळखीअभावी खरेदी अधिकाऱ्यापर्यंत न पोहोचणे या अडचणी नव्या उद्योजकाला कोठे अडवतात, हे अशा वाटेने आलेल्यांना पुस्तक न उघडता सांगता येते. त्यामुळे डिक्कीने भाषणांपेक्षा व्यापार मेळाव्यांवर भर दिला. 2010 मध्ये पुण्यात आणि 2011 मध्ये मुंबईत मोठे मेळावे भरले आणि पुरवठादार व खरेदीदार समोरासमोर आले.

या दबावाचे प्रतिबिंब धोरणांतही उमटले. सूक्ष्म व लघुउद्योगांकडून सार्वजनिक कंपन्यांनी करावयाच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्क्यांचा हिस्सा 2012 च्या आदेशाने ठेवला गेला. 2016 मध्ये सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि महिला उद्योजकांसाठी 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद झाली. तरीही खरेदीतील 4 टक्क्यांचे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरे राहिले. योग्य व्यक्ती सल्ला देत असली, तरी तो अमलात येईलच असे नाही, याचे हे उदाहरण.

दुसरी वाट उद्योगपतींची

नेतृत्वाची पार्श्वभूमी नेहमी वंचिततेचीच असते, असे नाही. एप्रिल 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी उद्योगांना सकारात्मक कृतीचे आवाहन केले, तेव्हा उद्योग संघटनांच्या कृती गटाचे नेतृत्व नागपूरमध्ये जन्मलेले पोलाद उद्योगातील धुरीण जे. जे. इराणी यांच्याकडे होते. शिक्षण, रोजगारक्षमता, रोजगार आणि उद्योजकता अशी चतुःसूत्री उद्योगांनी स्वीकारली. कायद्याने आरक्षण लादण्याऐवजी स्वेच्छेने पावले टाकू, ही त्यामागची भूमिका.

या वाटेचे बलस्थान म्हणजे निर्णयाची सत्ता. उद्योगातील ज्येष्ठाच्या शब्दाला संचालक मंडळात वजन असते. दुबळी बाजू अशी, की स्वेच्छेचे मोजमाप स्वतःच करायचे असते. प्रशिक्षण किती जणांना दिले, हे अहवालात सहज छापता येते. किती जणांना बढती मिळाली, हे सांगताना हात आखडतो.

कायदा कोणाची पात्रता पाहतो?

विविधता सल्लागार होण्यासाठी भारतात कोणतीही सनद लागत नाही. वकील किंवा सनदी लेखापालाप्रमाणे नोंदणी नाही. मनुष्यबळ व्यवस्थापनातून, कायद्यातून, महिला किंवा अपंग हक्क चळवळीतून आलेली मंडळी या व्यवसायात दिसतात. कोणीही पाटी लावू शकतो.

एका ठिकाणी मात्र कायद्याने बाहेरच्या व्यक्तीची पार्श्वभूमी स्पष्ट केली आहे. भंवरीदेवी प्रकरणातून उभ्या राहिलेल्या लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 1997 मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 2013 मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असते, किमान निम्म्या सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. हा सदस्य महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील किंवा या विषयाची जाण असलेला हवा. नियमांत त्यासाठी सामाजिक कार्याचा किमान 5 वर्षांचा अनुभव किंवा कामगार, सेवा, दिवाणी अथवा फौजदारी कायद्याचे ज्ञान असा निकष आहे.

दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. केळशी किनाऱ्यावरील छोट्या निवासगृहात, दुकानात किंवा मासळीच्या व्यवसायात काम करणारी महिला या समितीकडे दाद मागू शकते. घटनेपासून 3 महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास आणखी 3 महिन्यांची मुभा मिळू शकते.

इतर कायदे कंपनीला बांधतात, सल्लागाराला नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करण्यास सांगितले आहे. शेअर बाजारातील पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून कर्मचाऱ्यांतील महिला व अपंगांचे प्रमाण सेबीच्या विहित अहवालात द्यावे लागते. जातीबाबत खासगी कंपनीवर अशी सक्ती नाही. परिणामी कार्यालयीन विविधतेची चर्चा बहुतेक वेळा महिलांच्या टक्केवारीपाशी थांबते आणि थोरात-अॅटवेल यांनी मोजलेला आडनावाचा प्रश्न बाजूला पडतो.

काय विचारावे?

केवळ जन्माने कोणी तज्ज्ञ होत नाही. वंचित समाजातून आलेली एक व्यक्ती साऱ्या समाजाचे, शिवाय महिला, अपंग आणि अल्पसंख्याक अशा सर्वांचेच अनुभव जाणते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दुसरीकडे, ज्यांना कधीच दार बंद दिसले नाही, अशांनीच दारे उघडण्याचे शास्त्र शिकवावे, हेही विपरीत आहे. म्हणून नेतृत्वात अनुभव, कायद्याचे ज्ञान आणि आकडे मोजण्याची शिस्त या तिन्हींचा मेळ असणे महत्त्वाचे.

कंपनीने सल्लागार नेमताना काही साधे प्रश्न विचारता येतील. संस्थेच्या प्रमुखांमध्ये कोणकोणत्या समाजघटकांतील माणसे आहेत? ती निर्णय घेतात, की केवळ शिबिरात अनुभवकथन करतात? यापूर्वीच्या कामानंतर भरती, बढती आणि वेतन यांत काय फरक पडला, हे त्यांनी मोजले आहे का? जात आणि धर्म या विषयांवर बोलण्याची त्यांची तयारी आहे का?

नोकरी शोधणाऱ्या तरुणांसाठीही यात बोध आहे. कंपनीचे समान संधी धोरण, अंतर्गत समिती आणि शेअर बाजारात नोंद असल्यास तिचा वार्षिक अहवाल पाहता येतो. संचालकांची नावे सार्वजनिक असतात. मुलाखतीत उमेदवाराची पार्श्वभूमी विचारली जाते, तशी कंपनीची पार्श्वभूमी उमेदवारालाही तपासता येते. केळशीच्या बसथांब्यावरून मुंबईची गाडी पकडणाऱ्या मुला-मुलींच्या हाती आज एवढे साधन निश्चितच आहे. त्यांच्या अर्जावरचे आडनाव वाचून तो बाजूला ठेवला जाणार नाही, याची हमी मात्र अजून कोणताही सल्लागार देऊ शकलेला नाही.