मुद्रित चित्रे आणि राष्ट्राची प्रतिमा : रविवर्मा छापखान्याच्या निमित्ताने

महाविद्यालयीन चर्चासत्राचा प्रारंभ सरस्वतीच्या प्रतिमापूजनाने होतो. ती प्रतिमा आपणांस पुरातन वाटते. परंतु जरीकाठी साडी नेसून जलाशयाकाठी वीणावादन करणारी ही देवी राजा रविवर्मा यांनी १८९६ मध्ये चितारली आहे. 'भारतीय' म्हणून आपण जे ओळखतो, त्यातील किती भाग छापखान्यात घडला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी पौराणिक चित्रे काढताना रविवर्म्यांपुढे पेच होता. प्रांतोप्रांतीचे वेश भिन्न; मग सीता-दमयंतींना कोणता वेश द्यावा? त्यांनी प्रामुख्याने साडी निवडली. पाश्चात्त्य तैलरंगतंत्राने चितारलेल्या या स्त्रिया कोणत्याही एका प्रांताच्या राहिल्या नाहीत. अर्थात, हा 'अखिल भारतीय' चेहरा गौरवर्णी, उच्चवर्णीय घरातला होता, हेही नोंदविले पाहिजे.

१८९४ मध्ये मुंबईत निघालेला त्यांचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा, छाप्यावर छापा आणि शेवटी तैलचित्राचा भास देणारी चकाकी, अशी ती प्रक्रिया होती. तंत्र जर्मन, कथा मात्र पुराणातील! येथे काम केलेले दादासाहेब फाळके पुढे चित्रपटाकडे वळले, हा योगायोग म्हणता येणार नाही. याहून महत्त्वाचे असे की, ज्यांना मंदिरप्रवेश नाकारला होता त्यांच्याही भिंतीवर आता देव आला. मात्र चौकटीत आलेल्या त्या देवाचे रूप आधीच ठरून गेले होते.

देवतांपाठोपाठ राष्ट्रालाही देह मिळाला. अवनींद्रनाथ टागोरांना रविवर्म्यांची पाश्चात्त्य शैली मान्य नव्हती. तरीही स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०५ मध्ये, त्यांनी भारतमाता चितारली ती चतुर्भुज देवीच्या रूपातच. तिच्या हाती शस्त्र नाही. धान्य, वस्त्र, पोथी आणि जपमाळ आहे. अन्नवस्त्राची मागणी तिच्यात स्पष्ट दिसते. परंतु देवीचे हे रूप सर्वधर्मीय नागरिकांना आपले वाटेल काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

काशीच्या भारतमाता मंदिराने वेगळा मार्ग स्वीकारला. महात्मा गांधींच्या हस्ते १९३६ मध्ये उद्घाटन झालेल्या या मंदिरात मूर्ती नाही. संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा आहे. १९४७ मध्ये सीमा बदलल्या. नकाशा आजही पूर्वीचाच आहे.