शेवळं आणि काकडं

पावसाच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या मांडतात. शेजारी काकडांचा वाटा. ही जोडी मला पाककृतीहून बोलकी वाटते. शेवळं म्हणजे सुरणाच्या रानटी भावंडाचा, पानाआधी उगवणारा फुलोरा. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात. म्हणून आतला पिवळा भाग काढायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात नीट परतायचं, काकडांच्या आंबट रसात शिजवायचं. आमच्याकडे कोलंबी पडते. सोडेवाल्यांशी वाद नको! यंदा सुनेनं पिवळा भाग ओळखायला शिकून घेतलं, तेही विकणारीकडून. निवडून, पाकिटात बांधून आलेल्या जुडीबरोबर हे कोण सांगणार? काकडं नसली तर चिंच चालते, पण ती जरा जास्तच घालावी लागते.