ओला चमचा आणि आपले पहारेकरी

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की आई कशी ओरडायची, आठवतंय ना? बुरशी काही त्या चमच्याबरोबर येत नाही. ती हवेत असतेच, तिला फक्त संधी हवी असते. आपल्या शरीराचंही तसंच आहे.

फॉलमध्ये अंगणातली कुजकी पानं गोळा करताना ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू श्वासाबरोबर आत जातात. एरवीही रोज शेकड्यांनी जातात. तरी आपण आजारी पडत नाही, कारण आत पहारा असतो. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी हे बीजाणू गिळून टाकतात. पण एखादा रुजून त्याला लांब तंतू फुटले, तर घास तोंडापेक्षा मोठा होतो. मग काय करायचं?

जर्मनीतल्या येना शहरातल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली याचं एक उत्तर प्रसिद्ध केलं. बुरशीशी गाठ पडली की न्यूट्रोफिल पेशी अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात. मिलिमीटरचे हजारो भाग केले तर त्यातल्या एकाएवढ्या! त्यांत बुरशीला घातक अशी प्रथिनं भरलेली असतात. पिशव्या बुरशीच्या भिंतीला चिकटतात, तिला इजा करतात आणि तिची वाढ रोखतात. गंमत म्हणजे बुरशीचा वाण बदलला की पिशवीतल्या मालाचं प्रमाणही बदलतं. पाहुणा बघून शिदोरी म्हणा ना!

या पिशव्यांपासून औषध अजून तयार झालेलं नाही. बुरशीवरची औषधं मुळातच मोजकी आहेत, कारण तिच्या पेशी आपल्या पेशींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या. तिला मारताना आपल्यालाही इजा होऊ शकते. म्हणूनच घरचा पहारा शाबूत हवा.

तो ढिला पडला की काय होतं, हे २०२१ च्या मे महिन्यात आपण सगळ्यांनी भारतातून येणाऱ्या फोनवर ऐकलं. महाराष्ट्रात हजारो जणांना 'काळी बुरशी' झाली. ती बुरशी वेगळी, म्यूकरच्या जातीची. पण तिलाही न्यूट्रोफिलच अडवतात. वाढलेल्या साखरेनं या पेशी मंदावतात, स्टेरॉइडनं त्यांची धार बोथट होते. कोविडमध्ये ऑक्सिजनवर असलेल्या अनेकांचे प्राण स्टेरॉइडनं वाचले हे खरं, पण गरज नसताना किंवा जास्त दिवस घेतलेल्यांना ते महागात पडलं.

आपल्यापैकी कितीतरी घरांत मधुमेह आहे. आई-बाबा इकडे येतात तेव्हा बॅगेत गोळ्यांचा डबा असतोच. त्यात कुणीतरी सुचवलेलं स्टेरॉइड नाही ना, हे एकदा बघा. पण डॉक्टरांनी दिलेलं असेल तर ते परस्पर बंदही करू नका, त्यांना विचारा. मधुमेही माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू दुखू-सुजू लागली, नाकातून काळपट स्राव आला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर सोमवारची वाट न पाहता इमर्जन्सी गाठा.

बुरशी हवेत राहणारच, मंडळी. ओला चमचा तेवढा आपण सांभाळायचा.