चौकीतला कबुलीजबाब

‘टाडा’ हा दहशतवादविरोधी कायदा लागू होता तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. वेगळं झालं १९९९ साली. देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यात नक्षल्यांचा वावर असल्याने दहशतवादाचे कायदे आपल्याकडे तसे घरचेच. पोलिसासमोरची कबुली पुराव्यात धरायची नाही, हे इंग्रजांनी १८७२ साली लिहून ठेवलं. कारण उघड होतं : ती कशी मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. १९८७ च्या टाडाने अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. टाडा गेला, तीच सोय संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या १९९९ च्या कायद्यात, मकोकात, आली.

जून १९९३ मध्ये नागपूर पोलिसांना लुटीच्या गुन्ह्यातला एक माणूस हवा होता. रात्री त्यांनी दुसऱ्यालाच घरातून ओढून काढलं, विजेच्या खांबाला बांधून मारलं आणि ठाण्यात नेलं. कोठडीतच तो गेला. इथे दहशतवादाचा संबंधच नव्हता. पण ‘बोलतं करण्याची’ सवय आरोप बघून लागत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांची तीन वर्षांची शिक्षा सात वर्षांवर नेली. पंचवीस वर्षं लागली.

मग २००६. ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट, ८ सप्टेंबरला मालेगावात. दोन्हीकडे तपास एटीएसचा, दोन्हीकडे मकोका. मालेगावच्या आरोपींनी कबुली दिली आणि ती मागे घेतली. पुढे एनआयएचा तपास वेगळ्याच दिशेला गेला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. लोकल स्फोटात २०१५ साली पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. आरोपी कित्येक आठवडे गप्प होते, मकोका लागताच बोलू लागले. त्यांच्या कबुल्यांतला काही मजकूर हुबेहूब सारखा होता. केईएम आणि भाभा रुग्णालयांच्या नोंदी छळाकडे बोट दाखवत होत्या. कबुल्या स्वेच्छेच्या नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच संध्याकाळी दोघे नागपूरच्या कारागृहातून बाहेर पडले. एक जण मात्र २०२१ मध्येच तिथे कोरोनाने गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

छळाची तक्रार एकाच धर्माच्या आरोपींची, असं समजू नये. २००८ च्या मालेगाव स्फोटात प्रज्ञासिंह ठाकूर यांनीही तीच केली. ३१ जुलै २०२५ ला त्या खटल्यातले सातही आरोपी सुटले.

‘देशाचा प्रश्न आहे, दोन फटक्यांनी काय बिघडतं?’ असं विचारणाऱ्यांनी मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबचा खटला बघावा. छायाचित्रं, सीसीटीव्ही, जिवंत साक्षीदार आणि दंडाधिकाऱ्यापुढची कबुली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याची शिक्षा टिकली. उलट लोकल स्फोटांत दीडशेहून अधिक माणसं मेली, त्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी गुन्हेगार कोण तेच माहीत नाही. माझ्या लेखी हा फटक्यांचा सर्वांत मोठा तोटा.

छळ रोखायला १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घातले, २०१० च्या सेल्वी निकालाने सक्तीची नार्को चाचणी बंद केली. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्यासाठीचं छळविरोधी विधेयक २०१० साली लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडकलं आणि बारगळलं. त्या करारावर अजून शिक्कामोर्तब झालेलं नाही.