अंगणातून निघालेले ३२ लाख ट्रक

पूर्ण वाढलेल्या मोठ्या ओकला दोन लाखांच्या आसपास पानं असतात. ती सगळी पानगळीत खाली येतात. सेकंदाला एक या वेगानं वेचायची म्हटली, तर एका झाडासाठी जागरण करून सव्वादोन दिवसांहून जास्त वेळ जाईल.

आता हा सडा अमेरिकेतल्या हिरवळींवर पसरा. क्रिस्टिना मिलेसी या संशोधिकेनं २००५ च्या सुमारास नासाच्या उपग्रहचित्रांवरून तिथल्या लॉनचा अंदाज बांधला: सुमारे १ लाख २८ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्राचा दोन पंचमांश भाग नुसतं गवत. पाणी देऊन पिकवलेल्या मक्याच्या तिप्पट क्षेत्र, आणि त्यातून पोटात जाणारा दाणा एकही नाही.

या अंगणांतून पानं, कापलेलं गवत, छाटलेल्या फांद्या असा किती माल निघतो? तिथल्या पर्यावरण संस्थेचा २०१८ चा आकडा मेट्रिक टनांत मांडला, तर साधारण ३ कोटी २१ लाख टन. दहा टनी ट्रक घेतले, तर ३२ लाख ट्रक. एकामागे एक चिकटून उभे केले आणि ट्रकची लांबी आठ मीटर धरली, तर रांग २५ हजार किलोमीटरच्या पुढे जाते. पृथ्वीच्या घेराच्या निम्म्याहून ती बरीच मोठी. यातल्या सुमारे ६३ टक्क्यांचं खत होतं, हे खरंच कौतुकाचं. पण ९५ लाख टन कचराडेपोत पुरले जातात. तिथं हवा मिळत नाही, म्हणून पानं कुजताना मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक.

पानं हलवण्याची किंमत तर आणखी चक्रावणारी. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानुसार पेट्रोलचा व्यावसायिक ब्लोअर तासभर चालवला, तर धुरकं करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं २०१६ ची टोयोटा कॅमरी लॉस एंजेलिसहून डेन्व्हरपर्यंत, म्हणजे सुमारे १,७७० किलोमीटर चालवून होतं. एका तासाच्या झाडलोटीसाठी!

पाइनच्या सुयांची गोष्ट वेगळी. मेणासारखं आवरण आणि भरपूर लिग्निन, म्हणून त्या सावकाश कुजतात. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या डोंगरांतला ब्रिसलकोन पाइन तर एकेक सुई तीस-चाळीस वर्षं फांदीवरच राखतो. सुयांनी माती आंबट होते, ही भीतीही फारशी खरी नाही. कुजता कुजता तो आंबटपणा जिरतो. दक्षिणेकडच्या जॉर्जिया, फ्लोरिडात याच सुयांचे गठ्ठे बांधून झाडांच्या बुंध्याशी पसरायला विकतात. उत्तरेत मात्र लोक दाताळ्यानं ओढून त्या पिशव्यांत कोंबतात.

खरं तर हे काम करणारे मजूर जमिनीतच आहेत. गांडुळं इंग्लंडच्या अनेक भागांत दर वर्षी एकरी दहा टनांहून जास्त माती वर आणतात, असं डार्विननं १८८१ मध्ये मांडलं. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांत सहा इंचांपर्यंतचा पानांचा थर मॉवरनं बारीक करून गवतातच मुरवला, तरी हिरवळीला अपाय झाला नाही.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी येत्या ऑक्टोबरमध्ये एवढं करून पाहावं. आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पाला पेटवू नये: राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास ५,००० रुपये दंड ठरवला आहे. तो पाला आपल्याच झाडांच्या आळ्यात टाका.