शाळा सोडली तर फुटबॉल बंद! काय आहे मुंबईतल्या संस्थेचा नियम?

मुंबई : पोरगं सारखं फुटबॉल खेळतंय, मग अभ्यासाचं काय? हा प्रश्न कुर्ल्याच्या चाळीतही पडतो अन् गावाकडेही. कफ परेडच्या आंबेडकर नगर वस्तीतली मुलं शाळा सोडून मासळीच्या धक्क्यावर कामाला जायची. तिथल्याच अशोक राठोड यांनी २००६ मध्ये त्यांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच 'ऑस्कर फाउंडेशन' उभी राहिली. अट एकच : शाळा नाही, तर फुटबॉल नाही.

अभ्यास का सोडू नये? राज्यात सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पदासाठी लागणारं शिक्षणही हवंच. त्यामुळे स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवा. गावच्या मंडळांनीही खेळाडूंचा सत्कार करताना गोलसोबत शाळेतली हजेरी बघायला हरकत नाही.